एकांगी अतिवृद्धी : निदान आणि दक्षता

बालकाचा एक हात, पाय किंवा गाल दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा दिसू लागला की घरात प्रथम चर्चा होते ती ग्रहणाची. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, असा ठपका मातेवर येतो. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. गर्भधारणेनंतर एखाद्या पेशीच्या जनुकात बदल घडतो व तो तिच्या वंशज पेशींपुरताच मर्यादित राहतो. म्हणून शरीराचा तेवढाच भाग वाढतो. असा बदल माता-पित्यांकडून आलेला नसतो.

तपासणीत प्रथम ठरवावे : एक बाजू मोठी आहे, की दुसरी खुरटली आहे? त्यानंतर हाड, चरबी, रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या यांपैकी काय वाढले आहे ते पाहावे. त्वचेवर लालसर-जांभळा डाग, फुगलेल्या शिरा व वाढलेला पाय ही त्रयी क्लिपेल आणि ट्रेनोने यांनी १९०० मध्ये वर्णिली. जन्मतः सामान्य असलेल्या बालकात पुढे विषम व झपाट्याने होणारी वाढ प्रोटियस विकाराची शंका आणते. त्यामागील एकेटी-१ जनुकातील बदल २०११ मध्ये उमगला.

मोठी जीभ, बेंबीचा हर्निया, कानाच्या पाळीवरील चिरा किंवा नवजात अवस्थेत रक्तशर्करा कमी होणे, यांची जोड असल्यास बेकविथ-वीडेमान विकार आठवावा. येथे खरा धोका अवयवाच्या आकाराचा नसून विल्म्स ट्यूमर व हिपॅटोब्लास्टोमा या कर्करोगांचा आहे. म्हणून साधारणतः सातव्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, तर पहिली काही वर्षे अल्फा फीटोप्रोटीनची रक्ततपासणी करतात. वेळीच सापडलेला विल्म्स ट्यूमर बहुतांशी बरा होतो. मूल हसतेखेळते आहे म्हणून तपासणी चुकवू नये.

रक्तातील जनुकचाचणी निर्दोष आली तरी निदान फेटाळू नये. दोष कित्येकदा केवळ बाधित ऊतीतच सापडतो. पायांच्या लांबीत सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत फरक असल्यास बुटात उंचवटा पुरतो. अधिक असल्यास हाडाची वाढ थांबण्यापूर्वीच अस्थिशल्यतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पीआयकेथ्रीसीए जनुकाशी निगडित गंभीर अतिवृद्धीसाठी अल्पेलिसिब या औषधास अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये, दोन वर्षांवरील रुग्णांकरिता, मान्यता मिळाली.

मालिश, घट्ट पट्टे वा लेप यांनी ही वाढ आटोक्यात येत नाही. प्रत्येक भेटीत दोन्ही बाजूंची लांबी व घेर मोजून नोंदवावा आणि मातेस निःसंदिग्ध शब्दांत सांगावे : "यात तुमचा दोष नाही."