नोकरी सांभाळून गावासाठी

नोकरी लागली की गावासाठी काही करायचं राहूनच जातं. वेळ थोडा असतो, हे खरं. म्हणून काम असं निवडावं, जे आपल्यावाचूनही चालेल.

आमच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा बघा. १९९०च्या दशकात चैत्राम पवारांनी गावकऱ्यांना सोबत घेऊन जंगल राखायला सुरुवात केली. नियम गावाने ठरवले, राखणही गावानेच केली; म्हणून ते टिकलं. २०२५ साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

सॉफ्टवेअरचंही तसंच. लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थी असताना, १९९१ मध्ये, लिनक्स सुरू केलं. १९९२ मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आलं आणि जगभरच्या लोकांनी पुढे नेलं.

समजा, शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्राम करायचाय. रविवारच्या दोन तासांत बसेल एवढाच करावा. कोड खुला ठेवावा, एका शिक्षकाला तो चालवायला शिकवावं. आधी नियुक्तीपत्रही वाचावं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडची मालकी कंपनीची असते. तेव्हा हे काम घरच्याच कॉम्प्युटरवर करावं.

मग ऑफिसची डेडलाइन आली, तरी शाळेतलं काम अडणार नाही.