व्हिनाइलखालची ओल

व्हिनाइलच्या जमिनीवर पाणी दिसू लागलं की घरातला प्रत्येकजण आपलं निदान सांगतो. कुणी म्हणतं पाइप गळतोय, कुणी म्हणतं पावसाळी हवा आहे, दसऱ्यापर्यंत सुकेल. वॉटरप्रूफिंगवाला तर जमीन न बघताच चौरस फुटाचा दर सांगून मोकळा होतो. कोकणातल्या आमच्या तळमजल्याच्या घरात हे तिन्ही सल्ले मिळाले आणि तिन्ही थोडेथोडे खरे निघाले. खरी अडचण तिथेच होती.

जुन्या कोब्यावर ठेकेदाराने व्हिनाइलची शीट चिकटवून दिली होती. पहिल्याच पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीलगत शीटच्या कडा काळ्या पडल्या. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय दाबला की जोडातून पाणी वर येई. झोपायच्या खोलीत सकाळी जमिनीवर पाण्याचा पातळ थर असे, दुपारी मात्र काहीच नसे. कोपरा उचलून पाहिला तर ॲडहेसिव्ह भिजल्या खळीसारखं बुळबुळीत झालेलं, कोब्यावर पांढरा लोणा आणि नाकात शिरणारा कुबट वास.

शेणाने सारवलेली जमीन, शहाबादी फरशी, साधा कोबा हे सगळे जमिनीतली ओल थोडी थोडी हवेत सोडत राहतात. त्यामुळे ती साचत नाही. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. त्यातून वाफ जवळजवळ जातच नाही. खालून आलेलं पाणी तिथेच अडतं, सिमेंटमधले क्षार सोबत घेतं आणि ॲडहेसिव्ह सोडवतं. फुगे, सुटलेले जोड, बुरशीचे गुलाबी-काळे डाग ही त्याची पुढची लक्षणं.

वरून येणाऱ्या पाण्याचं गणित वेगळं आहे. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. रात्रभर २२ वर एसी चालवला आणि सकाळी ‘जरा हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या उघडल्या, की बाहेरची दमट हवा थेट त्या गार जमिनीवर येते. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये खिडकी उघडून खोली सुकत नाही, उलट भिजते.

म्हणून निदानाची सुरुवात वेळेपासून करावी. दिवसभरात येणारं-जाणारं पाणी बहुधा हवेतलं असतं. एका जागेपासून पसरत जाणारं आणि उन्हाळ्यातही न हटणारं पाणी गळतीचं. पावसाळ्यात कडेकडेने चढून पुढे कित्येक आठवडे टिकणारी ओल जमिनीतून किंवा भिंतीतून आलेली असते.

मग खात्री करून घ्यावी. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर पाहावं. काटा हलत असेल तर नळाची लाइन कुठेतरी गळते आहे. मीटर स्थिर असलं तरी सांडपाण्याची बाजू उरतेच. आमच्या उंबऱ्याशी नाहणी ट्रॅपचा जोड सुटला होता, आणि मीटरला ते कळण्याचं कारणच नव्हतं. अशा वेळी ट्रॅप बंद करून न्हाणीघरात पाणी तुंबवून ठेवावं आणि पातळी उतरते का ते पाहावं.

कोब्याची ओल तपासायला दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवावं आणि निदान १६ तास ठेवावं. शीट आधीच घातली असेल, तर तेवढा तुकडा उचलून उघड्या कोब्यावर लावावं. प्लास्टिकच्या आतून थेंब आले किंवा कोबा काळपट झाला, तर पाणी खालचं. वरच्या अंगाला थेंब असतील तर हवेतलं. हीच चाचणी मे महिन्यात कोरडी आली म्हणून निर्धास्त राहू नये. ती भर पावसात करावी. हवेसाठी साधा आर्द्रतामापक पुरतो.

कारण कळल्याशिवाय कडांना सिलिकॉन मारू नये. पाणी खालून येत असेल तर त्याची उरलीसुरली वाटही बंद होते. दव असेल तर एसीचं तापमान वाढवावं, ड्राय मोड वापरावा, खोलीत कपडे वाळत घालू नयेत आणि जमिनीवरची गादी उचलावी. रबरी पाठीची पायपुसणीही काढावीत, कारण ती ओल धरतात आणि व्हिनाइलवर कायमचे डागही पाडतात. गळती असेल तर आधी दुरुस्ती. जमिनीतून ओल असेल तर बाहेरून सुरुवात करावी. आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना भर जोत्यापर्यंत आली होती आणि पन्हाळीचं पाणी भिंतीलगत साचत होतं. ती भर उतरवून उतार बाहेरच्या बाजूला काढल्यावर कडांची ओल ओसरली.

नवं व्हिनाइल घालण्यापूर्वी कोबा सुकायलाच हवा. सिमेंटचा नवा थर अनुकूल हवेत दिवसाला साधारण १ मिलिमीटर सुकतो, म्हणजे ५० मिलिमीटरच्या थराला सात आठवडे. पावसाळ्यात त्याहून बरेच जास्त. काम देण्याआधी ठेकेदाराकडून दरपत्रकात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: ओलीची चाचणी कोणत्या तारखेला झाली, आकडा किती आला आणि शीट बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा किती आहे. पुष्कळ कंपन्या काँक्रीटच्या आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत मागतात. आकडा त्यावर असेल तर ओल रोखणारा इपॉक्सीचा थर द्यावा लागतो. तो खर्च पेलत नसेल, तर त्या खोलीत व्हिनाइलऐवजी सिरॅमिक टाइल्स घालाव्यात.