समुद्रकिनाऱ्यावर शूटिंग : आधी परवाना, मग कॅमेरा

किनारा सर्वांचा, मग परवानगी कशाला, अशा समजुतीने अनेक होतकरू तरुण छोट्या व्हिडिओचे काम घेतात. पोलिसांनी काम थांबवले की कॅमेऱ्याचे भाडे व माणसांची मजुरी अंगावर पडते. किनाऱ्यावर फिरणे वेगळे, धंद्यासाठी चित्रीकरण वेगळे. महाराष्ट्रात गोरेगावच्या फिल्मसिटीतील महामंडळाच्या एक खिडकी योजनेत, गोव्यात एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करावा. जागा, तारीख, वेळ, माणसांची संख्या स्पष्ट लिहावी. मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे कासवे अंडी घालतात. तेथे वनखात्यालाही विचारावे. ड्रोन उडवायचा असल्यास २०२१ चे ड्रोन नियम पाहावेत. फी आपल्या दरात धरावी आणि परवाना हाती आल्यावरच गिऱ्हाइकाला तारीख द्यावी.