दुसऱ्याचा जोडा आणि आपला पाय

जून महिन्यात शाळा उघडली म्हणजे घरोघरी एक देखावा दिसतो. थोरल्या भावाचे गतसालचे बूट फडताळातून बाहेर निघतात, त्यांवरची धूळ झटकली जाते आणि ते धाकट्याच्या पायांत चढविले जातात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वस्तू झिजेपर्यंत वापरावी ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आहे व ती योग्यच आहे. परंतु दुसऱ्याच्या पायाचे वळण घेतलेला जोडा आपल्या पायास बसविणे ही एक विद्या आहे, आणि ती शिकून घ्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा लंगडत येऊ लागला. विचारले तर म्हणे, “काही नाही, सर.” अखेर बूट काढावयास लावला, तेव्हा टाचेवरचा फोड फुटून तेथे पू धरलेला दिसला. बूट भावाचे होते. आणि नवे मागितले तर वडिलांना उसनवारी करावी लागेल या भयाने त्याने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नव्हता. त्याच बुटांवर मोच्याने अर्धा तास काम केले. आतील सुखतळा बदलला, टाचेजवळची उसवलेली शिवण घातली व चामडे साच्यावर ताणून दिले. त्यास फारसा खर्च आला नाही. औषधपाण्यास मात्र त्याहून अधिक लागला.

चामडे दयाळू असते. चार दिवस चावते आणि मग पायाचे ऐकते. ज्या बुटाचे कवचच कठीण प्लास्टिकचे असते तो मुळीच ऐकत नाही. म्हणून ही विद्या त्याच्याच उदाहरणाने शिकणे बरे. असे बूट बर्फावर घसरत जाण्याच्या खेळांत लागतात. दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून उतारावरून उतरण्याचा खेळ १९९८ साली नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम आला. त्यात वेगाने वळणे घेणाऱ्यांच्या पायांत हेच कठीण बूट असतात. हिमशिखरे चढणारेही या जातीचे बूट वापरीत आले आहेत.

विष्णुपुरीत गोदावरीचे पाणी आहे, काळी माती आहे, हिमाचा मात्र कणही नाही. मग या बुटांशी आमचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु १९९८ साली पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली ‘गिरिप्रेमी’चा चमू पोहोचला, आणि आता मराठी मुले मनाली, उत्तरकाशी, औली व गुलमर्ग येथे शिकावयास जातात. तेथे भांडारातून अथवा भाड्याने जो जोडा हाती पडतो तो बहुधा अनेक पायांनी वापरलेला असतो. आमच्यापैकी कोणाचा पाय उद्या त्यात पडेल, हे कोणी सांगावे?

या बुटाची दोन अंगे असतात. बाहेर कवच व आत मऊ अस्तराचा मोजासारखा भाग, ज्यास आपण अंतर्बूट म्हणू. प्रथम पाय मोजावा. सायंकाळी पाय किंचित फुगलेला असतो, म्हणून तेव्हाच, उभे राहून, टाच भिंतीस टेकवून दोन्ही पायांची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्यावी. या बुटांचा क्रमांक बहुधा त्याच मापाने दिलेला असतो. नंतर अंतर्बूट काढून रिकाम्या कवचात पाय घालावा. बोटे पुढे नुसती टेकली असता टाचेमागे दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक बोट आडवे जाईल इतकी जागा राहिली तर माप जमले. अडीच सेंटिमीटरांहून अधिक राहिली तर तो जोडा मोठा आहे. तो कोणत्याही युक्तीने लहान होणार नाही, परत करावा.

माप जमले तरी वापराने अंतर्बूट दबलेला असतो, म्हणून टाच आत वरखाली होते. अशा वेळी नवशिका दोन मोजे घालतो किंवा बकले करकचून आवळतो. दोन्ही चुका आहेत. दोन मोज्यांना सुरकुत्या पडतात व त्यांनीच फोड येतात. आवळलेल्या बकलाखाली रक्ताचा प्रवाह मंदावतो, पाय बधिर होतो, आणि बर्फात अशा पायास हिमदंशाचा धोका वाढतो. खरा उपाय तळापासून सुरू होतो. तळव्याच्या कमानीस आधार देणारा चांगला सुखतळा घातला की भार पडल्यावर पाय पसरत नाही व पुढे सरकत नाही. त्यानेही टाच उचलली जात असेल तर घोट्याच्या हाडाभोवती व खाली, हाडावर नव्हे, नमद्याची वळणदार पट्टी अंतर्बुटास बाहेरून चिकटवावी. मोजा एकच आणि पातळ असावा.

आता चावणारी जागा. ती अंदाजाने शोधू नये. दुखऱ्या हाडावर ओल्या कुंकवाचा टिपका लावून पाय अलगद कवचात दाबावा. आत जेथे डाग उमटेल तेथेच दोष आहे. तेवढीच जागा जाणता कारागीर उष्णता देऊन बाहेर ताणतो व निवेपर्यंत तशीच ताणून ठेवतो. हे काम घरच्या शेगडीवर करू नये. अधिक तापले की प्लास्टिक सुरकुतते व त्याचे बळ जाते.

दुरुस्तीपूर्वी जोड्याचे वयही पाहावे. बाहेरून सुंदर दिसणारे प्लास्टिक आतून म्हातारे झालेले असू शकते. पॉलियुरेथेन नावाचा पदार्थ हवेतील दमटपणाने हळूहळू विघटित होतो. म्हणूनच सह्याद्रीत चालणाऱ्यांच्या जुन्या बुटांचे तळ कधी कधी न वापरताही गळून पडतात. कठीण कवचास तर गारठ्यात एकाएकी तडा जातो. रिव्हेटांभोवती बारीक भेगा किंवा पांढुरके डाग दिसले, तर असा जोडा फुकट मिळाला तरी घेऊ नये. टाच व पुढचे टोक ही फळीच्या बंधनात अडकण्याची ठिकाणे. ती झिजली असतील आणि बदलता येत असतील तर बदलावी. मोसम संपला की अंतर्बूट सावलीत वाळवावा, बकले सैलसर लावून ठेवावी, आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जोडा पत्र्याखाली ठेवू नये.

एवढे सारे करताना ज्याचे ऐकावयाचे, तो सल्लागार म्हणजे वेदना. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांचे पुत्र. ते १९४६ साली वेल्लोर येथे आले व कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांना असे आढळले की, रुग्णांच्या तळव्यांवरील पुष्कळशा जखमा रोगाने थेट होत नसून संवेदना गेल्यामुळे होतात. खडा बोचला, बूट चावला तरी त्यांना कळत नसे, आणि ते त्याच पायावर चालत राहत. म्हणून योग्य पादत्राण हाच तेथे उपचाराचा भाग झाला. मधुमेहानेही पायाची जाणीव अशीच कमी होते. घरातील आजीआजोबांचे तळवे रोज पाहणे व त्यांच्या वहाणांत हात घालून खिळा वा खडा चाचपणे, हे नातवंडांना सहज करता येण्याजोगे काम आहे.

त्या रुग्णांना दुखणे कळत नव्हते, म्हणून ते बोलले नाहीत. आमच्या विद्यार्थ्याला ते कळत होते आणि तरीही तो बोलला नाही. म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच की, जोडा जुना असल्याची लाज धरू नका व तो चावतो हे सांगण्यास भिऊ नका. आणि पालकांस विनंती की, मुलास भावाचे बूट अवश्य द्या; परंतु पहिले आठ दिवस सायंकाळी त्याचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहा.