सभागृहातील पडदा काळा का पडत होता?





यंदाच्या स्नेहसंमेलनात काय घडले ते आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मुलांनी खपून तयार केलेली चित्रफीत दाखवायची होती. लॅपटॉपवर ती व्यवस्थित चालू होती, स्पीकरमधून आवाज येत होता, पण पडदा काळा. रिमोट सांभाळणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्याने इनपुट बदलून पाहिले, पुन्हा पहिल्यावर आणले. चित्र क्षणभर आले आणि गेले. पाहुण्यांसमोर वीस मिनिटे अशीच गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या डायरीत "बटणे वारंवार दाबून यंत्र बिघडविले" असा शेरा लिहिला आणि सभागृहातील यंत्रांना हात लावण्यास त्याला मनाई केली. नवा ॲम्प्लिफायर घ्यावा असा प्रस्तावही आम्हीच विश्वस्त मंडळापुढे ठेवला. ॲम्प्लिफायर बिघडलेला नव्हता आणि मुलाचीही चूक नव्हती. हे आम्हाला कसे कळले ते सविस्तर सांगणे भाग आहे. शिवाय ज्यांच्या घरी होम थिएटर आहे त्यांनाही हाच त्रास होत असतो, असे पालकांशी बोलताना लक्षात आले.

आधी आपल्या सभागृहातील मांडणी सांगतो. एका माजी विद्यार्थ्याने घर बदलताना आपला होम थिएटर संच शाळेला दिला. त्यातला ॲम्प्लिफायर व्यासपीठाच्या बाजूला टेबलावर ठेवला होता. लॅपटॉप, सेट-टॉप बॉक्स व डिस्क प्लेअर या तिघांच्या एचडीएमआय केबल त्यात येतात, आणि तेथून पंधरा मीटरची एक केबल छतावरच्या प्रोजेक्टरकडे जाते. म्हणजे ॲम्प्लिफायर आवाज तर मोठा करतोच, शिवाय तिघांपैकी कोणाचे चित्र पुढे पाठवायचे तेही ठरवतो. घोटाळा या दुसऱ्या कामात होता.

आपल्या भागाला दूरचित्रवाणी काही आजची नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात इस्रोने अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने 'साइट' हा प्रयोग केला. त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. कर्नाटकातले जिल्हे होते गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर. जाळीची मोठी छत्री, एक संच आणि त्याच्यासमोर बसलेले गाव. त्या काळच्या यंत्रात चित्र एकाच दिशेने वाहत असे. पाठवणारा पाठवायचा, संच मिळेल ते दाखवायचा. चित्रात मुंग्या येत, चेहरा वाकडा होई, पण काहीतरी दिसे. पुढे व्हीसीआरच्या पिवळ्या पिनेचेही तसेच. हाताने नकललेली पोथी जशी, एखादे अक्षर पुसट झाले तरी वाचणारा अंदाजाने पुढे जातो. (गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधरांशी नाव जोडलेल्या कडगंचीत पोथीचा दाखला सुचणारच.)

डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली. या पद्धतीत चित्र आकड्यांच्या रूपाने जाते. केबल थोडी वाईट असली तरी चित्र उत्तम दिसते. आणखी थोडी वाईट झाली की पांढरे ठिपके चमकतात, आणि त्यापुढे एकदम काहीच नाही. दुसरे असे की येथे दोन्ही यंत्रे आधी एकमेकांशी बोलतात. इंजिनियर लोक याला हँडशेक म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, आमच्या डोक्यात शब्द आला 'हाथ मिलाना'. पण वर्गात मुलांना सोयरिकीचा दाखला चांगला पटला.

एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. १८ व्या पिनेवर लॅपटॉप ५ व्होल्ट पाठवतो, म्हणजे दार वाजवतो. पलीकडचे यंत्र १९ व्या पिनेवरून "आम्ही घरी आहोत" असे कळवते. मग १५ व १६ या पिनांवरून लॅपटॉप समोरच्याचा परिचयपत्रक वाचतो. त्याला ईडीआयडी म्हणतात. मूळ पत्रक फक्त १२८ बाइटचे. बनावट कोणाची, किती रुंद-उंच चित्र झेपते, एवढी माहिती त्यात असते. आवाजाचा तपशील पुढच्या जोडपानात. ते वाचल्यावरच लॅपटॉप योग्य मापाचे चित्र पाठवतो. कार्यक्रम संरक्षित असेल तर आणखी एक पायरी असते, एचडीसीपी नावाच्या कुलपाची. दोन्ही यंत्रे एकमेकांची किल्ली तपासतात, आणि पुढेही दर १२८ फ्रेमनंतर, म्हणजे साधारण दोन सेकंदांनी, पुन्हा तपासणी होते.

आपल्याकडे मध्ये ॲम्प्लिफायर बसलेला. तो मध्यस्थ. लॅपटॉपने त्याला विचारायचे, त्याने प्रोजेक्टरला विचारून उत्तर द्यायचे. रिमोटवर इनपुट बदलले की ही बोलणी बहुधा पहिल्यापासून सुरू होतात. बोलणी अर्धी असताना कोणी पुन्हा बटण दाबले तर ती मोडतात आणि नव्याने सुरू होतात. म्हणून "आले आणि गेले" असे दिसते.

आता तपासणीकडे वळू. सुरुवातीला आम्हीही सर्वांप्रमाणे केबल काढ, केबल लाव, हेच केले. (हे करण्यापूर्वी सर्व यंत्रांचे मेन स्विच बंद करावेत. अडॅप्टरमधून व डिशच्या तारेतून बारीक झिणझिण्या येतात त्या बोटाला फारशा बाधत नाहीत, पण सॉकेटमागची नाजूक चिप त्याने जाऊ शकते.) कधी चित्र येई, कधी नाही, आणि का आले ते कळत नसे. शेवटी आमच्या विज्ञान शिक्षकांनी एक वही घातली. तारीख, कोणते यंत्र आधी सुरू केले, कोणते नंतर, इनपुट कोणते, पडद्यावर काय दिसले, लाईट गेली होती का, पंखे सुरू होते का. पंखे कशाला, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सर, तो मुलगा त्या दिवशी म्हणत होता की पंखा लावला की चित्र जातं. आपण ऐकलं नाही."

खरेच ऐकले नव्हते. आम्हाला ती पळवाट वाटली होती.

दोन आठवड्यांत वहीत जे उमटले त्यावरून एक दोष नसून तीन-चार दोष एकमेकांत मिसळले आहेत असे दिसू लागले. ते वेगळे करण्यासाठी आम्ही साखळी मधोमध तोडली. शिक्षक कक्षातला टीव्ही आणून दोन मीटरच्या केबलने ॲम्प्लिफायरला जोडला. इनपुट कितीही वेळा बदलले तरी चित्र दर वेळी आले. ज्या यंत्रासाठी निधी मागितला होता ते तेथेच निर्दोष ठरले. मग लॅपटॉप सरळ पंधरा मीटरच्या केबलवर, मध्ये ॲम्प्लिफायर नाही. दोष हजर.

पुढे लॅपटॉपवरून चित्राचे माप १०८० वरून ७२० वर आणले. पांढरे ठिपके पूर्ण थांबले. त्याचे कारण गणिताने समजते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर १०८० च्या चित्रासाठी केबलमधील तीन जोड्यांपैकी प्रत्येकीवरून सेकंदाला सुमारे १४८.५ कोटी बिट जातात आणि ७२० ला बरोबर निम्मे. तांब्याच्या लांब तारेत वेगवान लहरी जास्त झिजतात. म्हणजे एक दोष केबलच्या लांबीचा. पण माप उतरवूनही अधूनमधून पडदा पूर्ण काळा होतच होता. परिचयपत्रक जाते त्या तारा चित्राच्या मापाप्रमाणे बदलत नाहीत, तेव्हा हा दोष निराळा.

शेवटी शिडी लावून वर चढलो. छतातून आलेली जाड केबल प्रोजेक्टरच्या सॉकेटला नुसती लोंबकळत होती आणि तिच्या वजनाने प्लग एका बाजूला कलला होता. एचडीएमआयला जुन्या व्हीजीएसारखे पिळायचे स्क्रू नसतात. १८ आणि १९ या पिना प्लगच्या एकाच कडेला असतात, आणि आमच्या प्लगची नेमकी तीच कड उचलली गेली होती. प्रोजेक्टर ज्या लोखंडी पाइपला टांगला आहे त्यालाच जुना पंखा आहे. पंखा फिरला की पाइप थरथरतो, १९ वी पिन क्षणभर सुटते, लॅपटॉपला वाटते की समोरचा उठून गेला. बोलणी पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलाने जे सांगितले ते शब्दशः खरे होते.

सेट-टॉप बॉक्सची तक्रार वेगळी होती. लॅपटॉपवरचा धडा नीट दिसे, बॉक्सचे चित्र मात्र आले की दोनेक सेकंदांत जाई. आपण तयार केलेल्या धड्याला कुलूप नसते, काही वाहिन्यांना असते, यावरून संशय कुलपाच्या तपासणीवर गेला. खराब केबल बदलल्यावर हा त्रास बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. बॉक्स आधी आणि प्रोजेक्टर नंतर सुरू केला तर अजूनही कधीकधी रुसतो. डिस्क प्लेअरचे तर वेगळेच. १३ व्या पिनेवरून यंत्रे एकमेकांना हुकूम सोडू शकतात. लाईट जाऊन आली की प्लेअर आपोआप जागा होई आणि ॲम्प्लिफायरला स्वतःकडे ओढून घेई. शिक्षक म्हणत, "मी तर इनपुट बदललेच नाही!" प्लेअरच्या सेटिंगमधून ती सोय बंद केली. आपल्या घरी टीव्ही आपोआप इनपुट बदलत असेल तर आधी हेच पाहावे.

उपाय साधे निघाले. ॲम्प्लिफायर व्यासपीठावरून उचलून मागच्या भिंतीशी, प्रोजेक्टरच्या जवळ नेला, त्यामुळे पंधराऐवजी सहा मीटर केबल पुरली. स्पीकरच्या तारा लांबवाव्या लागल्या, पण त्या साध्या तारा आहेत, जरा जाड घेतल्या की इतक्या अंतराला काही होत नाही. आळंदच्या दुकानात मिळाल्या. केबल प्रोजेक्टरजवळ पाइपला पट्टीने बांधली, प्लगवर आता वजन नाही. पंख्याचे पाते तोलून घेतले. गैरसोय एकच राहिली. लॅपटॉपही मागे गेला, तेव्हा शिकविणाऱ्याला पाने उलटण्यासाठी हातातले छोटे रिमोट वापरावे लागते. काही शिक्षकांना ते आवडलेले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

भिंतीवर सूचना लावली आहे. आधी प्रोजेक्टर सुरू करून पूर्ण उजळू द्यावा, मग ॲम्प्लिफायर, शेवटी लॅपटॉप किंवा बॉक्स. इनपुट बदलल्यावर दहापर्यंत मनात मोजावे, तोवर रिमोटला हात लावू नये. लाईट जाऊन आली तर सर्व बंद करून याच क्रमाने पुन्हा सुरू करावे, कारण सगळी यंत्रे एकदम उठली की कोण कोणाला आधी विचारणार याचा मेळ राहत नाही.

नव्या ॲम्प्लिफायरचा प्रस्ताव आम्ही मागे घेत आहोत, विश्वस्त मंडळाने तशी नोंद करावी ही विनंती. डायरीतील शेरा आम्ही त्या विद्यार्थ्यासमोर व त्याच्या वडिलांसमोर खोडला आणि खाली सही केली. वडील म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी." मुलगा काही बोलला नाही. सभागृहाची वही आता त्याच्याकडे आहे, आणि पंखा बदलावा असे त्याने परवाच तीत लिहून ठेवले आहे.

पंधरा मीटरची जुनी केबल कार्यालयात आहे. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर आठवी ते दहावीच्या मुलांनी प्रयोगशाळेत यावे. तिचे आवरण सोलून आतल्या तारा मोजायच्या आहेत आणि चित्र वाहणाऱ्या जोड्या पिळदार का असतात ते पाहायचे आहे. कात्री शाळेची असेल.