रोजची एसयूव्ही, रिमॅप आणि बीएस-6

डिझेल एसयूव्हीचे इंजिन न खोलता तिची ताकद वाढवण्याचा सध्याचा रुळलेला मार्ग म्हणजे रिमॅप. डिझेल किती आणि कधी फवारायचे, टर्बोने किती दाब द्यायचा, धूर कुठे आवरायचा हे इंजिनाच्या संगणकातले, म्हणजे ईसीयूमधले आकडे बदलले की तेच इंजिन जास्त जोर देते. काही जण ईसीयूला हात न लावता बाहेरून ट्यूनिंग बॉक्स जोडतात. हा बॉक्स रेलमधला डिझेलचा दाब कमी असल्याचे ईसीयूला भासवतो आणि ईसीयू बिचारे दाब वाढवत राहते. पिकअप दोन्हींत जाणवतो. ते नाकारण्यात अर्थ नाही.

मोह कंपन्यांच्या कॅटलॉगमधूनच सुरू होतो. चाकणला तयार होणारी, 2022 साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ-एन घ्या. तिचे 2.2 लिटरचे डिझेल इंजिन सुरुवातीच्या प्रकारात 132 पीएस देते, तर वरच्या प्रकारांत 175 पीएस. तळाची गाडी घ्यायची आणि लॅपटॉप जोडून तिला वरची करायची, असा हिशेब त्यावरून मांडला जातो. पण वाढीव टॉर्क झेलायला क्लच आणि कूलिंग पुरेल याची हमी रिमॅप करणारा देत नाही, आणि उत्सर्जनाची मान्यता गाडीला मिळालेली असते ती मूळ आकड्यांसह.

ही मान्यता 1 एप्रिल 2020 पासून फार कडक झाली. देशाने बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर उडी घेतली. डिझेल मोटारीच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 250 मिलिग्रॅमवरून 80 वर आली आणि सूक्ष्म कणांची 25 वरून 4.5 वर. ती गाठण्यासाठी धुराचा काही भाग ईजीआर व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडला जातो, म्हणजे ज्वलनाचे तापमान उतरते. काजळी डीपीएफ नावाच्या जाळीदार फिल्टरमध्ये अडते. काही मॉडेलांत याशिवाय युरियाच्या द्रावणाची टाकीही असते.

परभणी जिल्ह्यातल्या सेलूसारख्या गावात सगळी गोची डीपीएफपाशी होते. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट 600 अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. सेलूतल्या रोजच्या गाडीला ते क्वचितच घडते. घर ते मोंढा, मोंढा ते जिनिंग, शाळा, स्टेशन, मग शेताच्या कच्च्या रस्त्यावर पहिला-दुसरा गिअर. जाळण्याची क्रिया सुरू होते आणि गाडी दारात उभी राहते. असे वारंवार झाले की काजळी जाळण्यासाठी जास्तीचे फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, डिपस्टिकवर ऑइलची पातळी चक्क वाढलेली दिसते. मूळ अवस्थेतल्या गाडीचे हे हाल; रिमॅपने डिझेलचा फवारा वाढला की काजळीही वाढते आणि फिल्टर त्याहून लवकर भरतो. त्यात परभणी जिल्ह्याचा उन्हाळा. मे महिन्यातली तापलेली हवा इंटरकूलरला पुरेशी थंड करता येत नाही, एक्झॉस्टचे तापमान चढते आणि टर्बोवर ताण येतो. (क्रिया चालू असताना गाडी वाळलेल्या कडब्यावर उभी करू नये. एक्झॉस्टच्या तापाने खालचे गवत पेटू शकते.)

मग इंजिनचा दिवा लागतो, गाडी जोर सोडते आणि गॅरेजमधून पुढचा सल्ला येतो: डीपीएफ काढून टाका, ईजीआर बंद करा. खर्चाचा आणि कायद्याचा खरा खड्डा इथे आहे. रिमॅपच्या वेळी या दुसऱ्या बदलाचा विषयही निघालेला नसतो.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘पीयूसी तर निघते’. ते बऱ्याचदा खरेही असते. डिझेल गाडीच्या पीयूसीत उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजलेच जात नाही. ईजीआर बंद केल्याने काजळी कमी होते आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढते, त्यामुळे अशी गाडी या चाचणीत उलट स्वच्छ दिसते. पीयूसीने मूळ मान्यता शाबूत असल्याचे सिद्ध होत नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी बुकातली नोंद विसंगत ठरेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हाच अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी चालवली तर कलम 190 खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, शिवाय तीन महिने लायसन्सवर बंदी. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न निराळाच. ईसीयूत फेरफार झाल्याची खूण सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला सापडू शकते, आणि न कळवलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण पुरवतो.

कायद्यात बसणारी वाट कमी झगमगीत आहे, पण बरेच काम करते. काळ्या मातीचा फुफाटा आणि जिनिंगचा तंतू उडणाऱ्या भागात एअर फिल्टर कंपनीच्या वेळापत्रकाच्या आधीच पाहावा लागतो. मंदावलेला पिकअप अनेकदा तिथेच परत मिळतो. ईजीआर साफ करणे, टर्बोच्या होजमधली गळती शोधणे, डीपीएफला चालणारे कमी राखेचे ऑइलच वापरणे, कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या मापातलेच टायर बसवणे हे बाकीचे. आणि अधूनमधून जिंतूर किंवा परभणी रस्त्यावर गाडी वीसेक मिनिटे सलग पळवावी. बुल बार मात्र नको. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितले. तो वजन वाढवतो आणि एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो. ज्याला खरोखर जास्त ताकद हवी त्याने वरचा प्रकारच घ्यावा. तो महाग असतो, तरी रिमॅप, क्लच आणि नवा डीपीएफ यांच्या बेरजेशी एकदा ताडून पाहण्याजोगा.

जुनी बीएस-6 डिझेल गाडी घेताना थंड सायलेन्सरच्या तोंडात पांढरा रुमाल फिरवून पाहावा. डीपीएफ शाबूत असेल तर तो फारसा काळा होत नाही. काजळीने माखला तर फिल्टर फुटलेला किंवा काढलेला असण्याची शक्यता असते. तेव्हा व्यवहाराआधी सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅन करून घ्यावे, कारण फिल्टर आधीच्या मालकाने काढला असला तरी कलम 190 गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाच लागते.