आधी पाणी बघा, मग बोट

शिडाची बोट घ्यायचं मनात आलं की माणूस लगेच बोटी बघत फिरायला लागतो. तसं करू नका. बोट जिथून पाण्यात उतरणार ती जागा आधी बघा, तीही भर ओहोटीला.

मुंबई बंदरात उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटीला बऱ्याच किनाऱ्यांवर गुडघाभर चिखल उघडा पडतो. निघताना पाणी हवं, तसं परततानाही हवं. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमेला दुपारी आरामात निघून साडेपाचला परतणारा चिखलात रुतणार. हिशेब ढोबळ आहे, म्हणून भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्या. अशा जागी खाली कायमची कील असलेली बोट नको. मधलं पातं, म्हणजे सेंटरबोर्ड, वर ओढून घेता येईल अशीच बोट हवी. खडकवासल्यासारख्या धरणात भरती-ओहोटी नाही, पण उन्हाळ्यात पाणी आत सरकतं आणि बोट दगडधोंड्यांवरून न्यावी लागते.

आता हात मोजा. दर रविवारी नक्की येणारी माणसं किती? उत्साहाने ‘हो’ म्हणणारे धरू नका. मुलांची ऑप्टिमिस्ट 35 किलोची, ती एक मोठा माणूस आणि मूल मिळून हलवतात. आयएलसीए, जिला आपण अजून लेझरच म्हणतो, तिचा सांगाडा 59 किलोचा. ट्रॉली असेल तर दोघांना पुरे. एंटरप्राइज नव्वदच्या पुढे. होबी 16 ही दोन सांगाड्यांची कॅटामरान 145 किलोची. माझी पहिली बोट चौघांशिवाय हलत नसे. चौघं एकत्र जमले असे रविवार त्या हंगामात तीन. बाकी वेळ ती ताडपत्रीखाली होती आणि मी किनाऱ्यावरून दुसऱ्यांची शिडं बघत होतो. त्याची रुखरुख अजून आहे.

मग स्वतःचं वजन. एकट्याने जायचं असेल तर मी आयएलसीएच सुचवीन. सांगाडा एकच, शिडं तीन: 7.06, 5.76 आणि 4.7 चौरस मीटरची. ऐंशी किलोच्या बापाने मोठं लावावं, साठ किलोच्या आसपासच्या मुलीने मधलं. डोलकाठीचा खालचा तुकडा तेवढा बदलायचा. दोघांनी मिळून शिकायचं असेल तर एंटरप्राइज: एकाच्या हाती सुकाणू आणि मोठं शीड, दुसऱ्याच्या हाती पुढचं जिब. कॅटामरान वेगवान खरी, पण वाऱ्याच्या तोंडातून वळायला जड जाते. अरुंद खाडीत ती घेऊ नये.

इतकं ठरलं की त्याच जातीची बोट कुणाकडून तरी तासभर मागून घ्या आणि किनाऱ्याजवळ, लाइफ जॅकेट घालून, सोबतीला दुसरी बोट ठेवून, मुद्दाम उलटवा. ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. पात्यावर पोट टेकवून चढा, कडा धरा, मागे झुका. शीड पाण्यातून सुटताना आधी जड लागतं, मग एकदम हलकं होतं. बोट सरळ झाल्यावर आत चढता येतं का? आत किती पाणी राहिलं? ते आपोआप निघून जातं की बालदीने उपसावं लागतं? तीनदा करा. तिसऱ्यांदा दमल्यावरही जमलं, तर ती बोट तुमच्या ताकदीची.

जुनी घेत असाल तर आता तपासणी. बोटांच्या पेरांनी डेक ठोकत जा. टणक आवाज मध्येच भद्द झाला तर आतला थर सुटलाय किंवा भिजलाय. डोलकाठीजवळ अंगठा दाबा, दबलं तर पुढे बघूच नका. तळाचं बूच काढून बोट तिरपी करा, पाणी येतंय का बघा. जमलं तर वजन करा. लेझर सत्तरच्या घरात भरली तर आत पाणी मुरलेलं आहे. शिडाच्या शिवणीत नख अडकवून ओढा, उन्हाने जळलेला दोरा लगेच तुटतो. सुकाणूच्या बिजागऱ्या हलवून बघा.

लेझरमध्ये आणखी एक गोष्ट करा. डोलकाठी उभी राहते त्या नळीत काठोकाठ गोडं पाणी भरा, पेन्सिलीने खूण करा आणि मालकाबरोबर चहा घ्या. अर्ध्या तासाने परत बघा. पाणी खुणेवरच असेल, तर भावाचं बोला.